आग वाढवली

आमच्या कासारआळीत आजवर एकही बांगडी फुटलेली नाही. हसू नका. पिढ्यान्‌पिढ्या काचेचा धंदा करणारी आळी आहे, रोज सकाळी सुपलीभर काच झाडून काढतो, पण फुटलेली बांगडी एक नाही. आमच्याकडे बांगडी वाढते. गिऱ्हाइकाच्या हातात भरताना कडकन दोन तुकडे झाले तरी म्हणायचं, "वाढली हो ताई, दुसरी भरते." मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवासुद्धा वाढवतात. यातलं निम्मं तुमच्याही घरात बोलत असतील.

आमच्या आळीने मात्र ते जरा जास्तच मनावर घेतलं. पूर्वी इथे बांगड्यांच्या भट्ट्या होत्या. दिवस कलला की भट्टीतला जाळ शांत करायचा, आणि त्यालाही 'भट्टी वाढवली' असंच म्हणायचं. 'विझलं' हा शब्द आळीत माणूस गेल्यावरच निघायचा. एरवी कुणाच्या तोंडून तो निसटला तर माझ्या सासूबाई त्याच्या जिभेवर साखर ठेवायच्या आणि वर सुनवायच्या, "शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला लागली आग!" सासूबाईंना सगळी आळी अक्का म्हणायची. मीही अक्काच म्हणायचे.

हे आधीच सांगून ठेवते, कारण चौकशी समितीने जाहीर केलंय की अक्कांचा जीव एका चुकीच्या शब्दाने गेला, आणि तो शब्द आमच्या पथकाने उच्चारला. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ना, त्यातला प्रकार. मी वृषाली दहिवाळ, त्या पथकाची प्रमुख. तो शब्द माझ्याच तोंडचा आहे. आता सगळं ऐका आणि मग ठरवा चुकलं कोण.

युद्ध सुरू झालं तेव्हा आम्हाला वाटलं, ते तिकडे सीमेवर चालेल आणि आम्ही इकडे बातम्या बघू. पण आमच्या पाटणखेडला रेल्वेचा कारखाना आहे आणि तेलाचा डेपो आहे. पहिल्याच पंधरवड्यात शत्रूची ड्रोन आली. हातभर लांबीची, थव्याने येणारी. ती मोठे बॉम्ब टाकत नसत. बोटाएवढ्या जाडीच्या कांड्या टाकत. कांडी कौल फोडून आत शिरायची आणि पांढरीशुभ्र जळायला लागायची. आम्ही तिला फुलबाजी म्हणायचो. तिच्यावर थेट पाणी मारलं तर ती तडतडून चौफेर उडते, म्हणून तिच्यावर वाळू टाकायची आणि पाणी मारायचं ते आजूबाजूच्या लाकडावर. आमच्या आळीत घराघराला लाकडी माड्या, माड्यांवर लाखेचा, प्लास्टिकचा माल आणि पुठ्ठ्याची खोकी. फुलबाजीला आणखी काय हवं?

अग्निशमन दलाच्या सगळ्या गाड्या डेपोपाशी अडकलेल्या. म्हणून प्रत्येक वस्तीचं स्वयंसेवक पथक निघालं. आमच्या पथकात बहुतेक बायकाच. पुरुष सैन्यात नाहीतर सैन्याच्या कामावर. माझे यजमान हेमंत सैन्याचे ट्रक चालवतात. पाइपचं तोंड धरायला शेजारच्या मण्यार गल्लीतली रेहाना, कारण पाण्याचा धक्का बसला तरी हलणार नाही असा तिचा पाय. आणि माडीवर फुलबाज्या वेचायला अक्का. होय, या वयात! जुन्या भट्टीचे लांब चिमटे त्यांनी पोटमाळ्यावरून काढले, घासूनपुसून लख्ख केले आणि मला म्हणाल्या, "तुम्ही पोरी पाण्याचं बघा. जळती वस्तू चिमट्यात धरायची सवय मला आहे." मी नको म्हटलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी मीच हेल्मेट आणून त्यांच्या डोक्यावर घातलं. हेल्मेटखाली पदर घ्यायला मात्र त्या विसरल्या नाहीत.

आता त्या भगीरथाबद्दल.

भगीरथ हे यंत्राचं नाव. पुराणातल्या भगीरथाने गंगा खाली आणली. हा आमच्या नळातली वर कुठे न्यायचा देव जाणे. तो बसवणाऱ्यांत आमची शलाका होती. शलाका म्हणजे अक्कांची धाकटी लेक, माझी नणंद. इंजिनिअर झाली, आणि युद्ध लागल्यावर शहराच्या नियंत्रण कक्षात रुजू झाली. तिने एकदा स्वयंपाकघरात बसून अक्कांना सगळं समजावलं होतं.

"आई, घरावर टाकी एकच. खालचे चार नळ एकदम सोडले तर माडीवरच्या नळाला पाणी येतं का?"

"करंगळीएवढं येतं."

"शहराचंही तेच. एका हल्ल्यात पंचवीस ठिकाणी आग लागते. सगळ्यांनी एकदम पाइप जोडले तर दाब पडतो आणि कुणाचंच पाणी पहिल्या मजल्यापर्यंतसुद्धा चढत नाही. मग सगळेच जळतात. म्हणून प्रत्येक वस्तीच्या पाण्याच्या चावीला आम्ही मोटर बसवली. कुठली चावी किती सोडायची ते भगीरथ ठरवतो. जिथे पाण्याने आग हटतेय तिथे पाणी जास्त. एक घर शांत झालं की त्याच्या वाटचं पाणी लगेच शेजारच्या जळत्या घराला."

"आणि जिथे हटत नाही तिथे?"

"जिथे पाणी मारूनही आग वाढतच चाललीय, ती वस्ती हातची गेली असं धरायचं. चावी बंद. ते पाणी जिथे माणसं वाचतील तिथे."

"हे त्याला दिसतं कुठून?"

"खांबांवर कॅमेरे होते, ते बरेचसे पडले. जे आहेत त्यांना धुरातून काही दिसत नाही, आणि आग शांत झाली तरी लाकूड तासन्‌तास तापलेलं राहतं, त्यामुळे तेही फसतात. म्हणून तो ऐकतो. तुम्ही वॉकीवर जे बोलाल ते ऐकून ठरवतो. शिवाय शिकतोसुद्धा. कुठलं पथक आलं की आग हटते, कुठलं आलं की हटत नाही, हे तो लक्षात ठेवतो."

अक्का खूष झाल्या. "म्हणजे आपलं ऐकतो तरी. सरकारी असून ऐकतो, नवलच म्हणायचं."

तत्त्वात चूक नव्हती, हे मी आजही सांगेन. युद्धातला डॉक्टरसुद्धा तेच करतो. माझा राग तत्त्वावर नाही. आमचं ऐकतो म्हणून सांगितलं आणि त्याला आमची भाषा शिकवली नाही, माझा राग त्यावर आहे.

पहिल्या काही हल्ल्यांत काहीच कळलं नाही. आळीत एखादंच घर पेटायचं. आम्ही ते शांत करायचो, मी वॉकीवर सांगायचे, "कासारआळी पथक, आग वाढवली." थोड्या वेळाने पाणी बंद व्हायचं. आमचं काम झालेलं असायचं, मग पाणी गेलं काय नि राहिलं काय! उलट आम्ही म्हणायचो, बघा कसा शहाणा आहे, लगेच दुसऱ्याला देतो.

मग तो रविवार उजाडला. सकाळी दूधवाला येऊन गेला होता. भोंगा झाला आणि पाठोपाठ थवा आला. आमच्या आळीत दोन फुलबाज्या पडल्या: एक करड्यांच्या दुकानात, दुसरी समोर आमच्याच घराच्या माडीवर. अक्का वरच होत्या. त्यांनी चिमट्याने फुलबाजी उचलून वाळूच्या बादलीत घातली, पण तोवर शेजारच्या खोलीतल्या लाखेच्या खोक्यांनी पेट घेतला होता. अक्का वरून ओरडल्या, "आधी करड्यांचं बघा, तिथे पाळण्यात पोर आहे! मी इकडे छोट्या नळीने धरून ठेवते."

आम्ही करड्यांकडे धावलो. रेहानाने पाइप धरला, मी आत जाऊन पोर काढलं, आणि बघता बघता आग बसली. मी वॉकीचं बटण दाबलं आणि आनंदाने ओरडले, "कासारआळी पथक. करड्यांकडची वाढवली! आता आमच्या घराकडे वळतोय."

आम्ही पाइप वळवला. रेहाना नेम धरून उभी राहिली. पाइपातून हातभर धार आली, मग वीतभर, मग नुसता फुसकारा. तिने पाइप झटकला, आपटला. मी वॉकीवर ओरडत होते, "पाणी सोडा, पाणी! घरात माणूस आहे!" वॉकीवर यंत्राचा तो गोड आवाज आला, "आपल्या वस्तीतून सुरक्षितपणे बाहेर पडा. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद." माडीवर अक्कांच्या हातातली नळीही त्याच क्षणी कोरडी पडली असणार. त्या खिडकीपाशी आल्या, रिकामी नळी मला दाखवली आणि काय झालं म्हणून हाताने विचारलं. माडी खाली आली.

सहकार्याबद्दल धन्यवाद म्हणे!

दहाव्याचे विधी होईपर्यंत शलाका माझ्याशी अक्षर बोलली नाही. तिचं घर निम्मं जळलं होतं, आई गेली होती, मी समजून घेतलं. विधी झाल्यावर ती खालच्या दुकानात आली. मी काळवंडलेल्या बांगड्यांतून धड असतील त्या निवडत बसले होते.

"वहिनी, तुझ्या पथकाच्या बरखास्तीचा हुकूम निघालाय," ती म्हणाली. "हेल्मेटं नि वॉकी परत करायच्या. कासारआळीला यापुढे पाण्याचा वाटा नाही. हल्ला झाला की नुसतं बाहेर पडायचं."

"का?"

"का विचारतेस? भगीरथच्या हिशेबात शहरातलं सगळ्यात कुचकामी पथक तुझं. तुम्ही पोचलात की आग वाढते. प्रत्येक वेळी! मी स्क्रीनसमोर बसून बघत होते वहिनी. करड्यांची आग वाढली, असं आलं. तुम्ही पाणी मारताय आणि आग वाढतेय. मी माझ्या डोळ्यांनी चावी बंद होताना बघितली. आई आत होती आणि तुम्हाला एक दुकान आवरता आलं नाही."

माझ्या हातातल्या बांगड्या खाली पडल्या. "करड्यांची आग आम्ही चुटकीसरशी आवरली होती. त्यांचं पोर आज अंगणात खेळतंय, जाऊन बघ."

"मग आग वाढली म्हणून कोण बोललं?"

"मी कशाला बोलेन वाढली म्हणून?"

"तूच बोललीस. यंत्र खोटं ऐकत नाही."

"अगं, मी म्हटलं करड्यांकडची वाढवली. आणखी काय म्हणतात?"

शलाका याच घरात वाढलेली मुलगी. लहानपणापासून रोज रात्री आईचं 'देवापुढचा दिवा वाढवलास का गं' ऐकलेली. कक्षात एरवी तिला आमचे आवाज ऐकू यायचेच नाहीत. यंत्र ते ऐकायचं आणि तिच्यापुढे फक्त खुणा यायच्या, वाढ किंवा घट.

"वाढवली," ती हळूच म्हणाली. "त्याला शब्दाचं मूळ शिकवलं होतं. वाढ म्हणजे वाढ." मग ती खाली बसली, पडलेल्या बांगड्यांमध्ये, आणि जोरजोरात रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. खरं तर मलाही कुणीतरी घ्यायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात नुसता संताप भणभणत होता. इतके शिकलेले लोक बसले होते, एकालाही वाटू नये की लोक घरात काय बोलतात ते एकदा विचारून घ्यावं? पथकं स्थापन केली तेव्हा बूट कुठल्या मापाचे ते विचारलं होतं. बोलता कसे, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी नियंत्रण कक्षात गेलो. कक्षाचे प्रमुख खानविलकर साहेब. माणूस वाईट नाही, चहा मागवला. शलाकाने सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अत्यंत दुर्दैवी," ते म्हणाले. "पण तुम्ही उलटे शब्द वापरता कशाला? आग गेली तर गेली म्हणावं. भाषा सरळ असावी."

"साहेब, आमच्याकडे तोच सरळ शब्द आहे," मी म्हटलं. "तुमच्या यंत्राला तो शिकवा. शलाका आजच शिकवते म्हणतेय."

"असं नाही करता येत. यंत्राच्या शब्दकोशात बदल करायचा तर वरून मंजुरी लागते. उद्या प्रत्येक आळी आपापला शब्द घेऊन आली तर? प्रस्ताव पाठवू आपण."

"आणि तोवर आमच्या आळीला पाणी?"

"तोवर पथक बरखास्तच राहील. सुरक्षिततेसाठी."

मी काही बोलणार एवढ्यात भोंगा झाला. भर दुपारी! समोरची भिंतभर स्क्रीन उजळली, शहरभर तांबडे ठिपके उमटले. शलाका पळत आपल्या जागेवर बसली. त्या गडबडीत मला कुणी बाहेर काढलं नाही. मी तिच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि आमची आळी शोधली. दोन ठिपके. एक मारुतीच्या देवळाशेजारी, एक इब्राहिमचाचांच्या वखारीवर. देवळाच्या तळघरात आळीतली म्हातारी माणसं आणि लेकरं आसऱ्याला बसतात.

आमच्या वॉकी अजून परत गेल्या नव्हत्या. रेहानाने तर सांगितलंच होतं, देणार नाही म्हणून. बरखास्त झालेलं माझं पथक हुकूम धाब्यावर बसवून आगीत उतरलं होतं, आणि नवा महिना लागेपर्यंत यंत्राच्या लेखी आळीचा जुना वाटा चालू असल्यामुळे पाइपात थोडंफार पाणी होतं. स्क्रीनवर खूण उमटली: कासारआळी, वाढ.

"वखार शांत केली त्यांनी," मी शलाकाच्या कानात ओरडले. "रेहानाने वाढवली म्हणून सांगितलं असणार!"

आळीच्या चावीचा आकडा खाली उतरायला लागला.

"सर, हातचावी द्या," शलाका उठून उभी राहिली. "यंत्र बाजूला ठेवून मी एवढी एक चावी उघडते. मला माहीत आहे तिथे काय झालंय."

खानविलकरांचा चेहरा पडला होता. "शलाका, इस्पितळाजवळही आग आहे. मी हाताने पाणी वळवलं आणि तिकडचा दाब पडला तर जबाबदार कोण? यंत्राने केलं तर ते यंत्राने केलं. मी केलं तर ते मी केलं."

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हायला यंत्र, आणि स्वतःच्या सहीला जपायला साहेब.

शलाकाने एक क्षण त्यांच्याकडे बघितलं. मग कळ दाबून आमच्या पथकाच्या वॉकी थेट जोडून घेतल्या, डोक्यावरचा हेडफोन काढला आणि माझ्या डोक्यावर चढवला. बाहेरच्या माणसाच्या हाती तो देणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं, हे तिला ठाऊक होतं. "बोल वहिनी. रेहानाला सांग, दुसरा शब्द म्हण. तिच्याच वॉकीवरून यायला हवा."

माझ्या कानात आळीचा गोंधळ शिरला, आगीचा आवाज, बायकांचा ओरडा.

"रेहाना! मी वृषाली बोलतेय. ऐक, वखारीची विझली म्हण!"

तिकडे एकदम सगळं थांबलं. मग रेहानाचा घाबरा आवाज. "ताई? कोण गेलं? कुणाचं विझलं?"

"कुणाचं नाही गं! नुसतं म्हण. वॉकीवर म्हण, आग विझली!"

"ताई, काय बोलताय तुम्ही? समोर देऊळ आहे, खाली माझी अम्मी बसलीय, करड्यांचं पोर बसलंय. असल्या वेळी तो शब्द? अक्कांनी आम्हाला शपथ घातलीय."

आकडा खाली चालला होता. तिच्या हातातला पाइप ढिला पडत असणार, मला दिसत होतं सगळं, डोळे मिटले तरी दिसत होतं. अक्कांची रिकामी नळी दिसत होती.

"अक्कांची शपथ मी मोडते," मी म्हटलं. "पाप माझ्या माथी. यंत्राला तेवढंच कळतं रेहाना. वाढवली म्हटलं की ते पाणी तोडतं. अक्का त्यानेच गेल्या. आता म्हण!"

तिचा आवाज आला, रडवेला, एकेक अक्षर तोडत. "कासारआळी पथक. वखारीची आग... विझली." आणि लगेच कुजबुज, "या अल्लाह, माफ कर."

स्क्रीनवर खूण बदलली. घट. आकडा थांबला, मग चढायला लागला. वखारीच्या वाटचं पाणीही देवळाकडे वळलं. कानात पाइपाचा तो भरलेला, घोंघावणारा आवाज आला आणि बायका ओरडल्या, "आलं! आलं!" मी शलाकाचा खांदा घट्ट धरला होता. देऊळ वाचलं. तळघरातलं एकूण एक माणूस वर आलं.

इस्पितळाजवळचा दाब तसूभरही पडला नव्हता, हेही सांगून ठेवते.

संध्याकाळी आळीत पोचले तेव्हा रेहाना पायरीवर बसली होती, काळीठिक्कर पडलेली. मी घरातून साखर आणली आणि तिच्या जिभेवर ठेवली. मग तिने माझ्या हातातली वाटी घेतली आणि माझ्या जिभेवर ठेवली.

यानंतर काय व्हायला हवं होतं? आमचा शब्द यंत्राला शिकवायला हवा होता. झालं भलतंच. शलाकाला निलंबित केलं, बाहेरच्या व्यक्तीच्या हाती यंत्रणा दिली म्हणून. सगळ्या पथकांना मान्यताप्राप्त शब्द पाठ करायला लावले. आमचं पथक पुन्हा मंजूर झालं ते या अटीवर की यापुढे आम्ही 'विझली' म्हणू. आणि चौकशी समितीने जाहीर केलं: भगीरथने मिळालेल्या माहितीनुसार अचूक निर्णय घेतला, श्रीमती दहिवाळ यांचा मृत्यू पथकाच्या सदोष शब्दप्रयोगामुळे. अक्कांच्या हातात रिकामी नळी, आणि दोष आमच्या जिभेला!

आम्ही अट मानली. मानायलाच हवी, तळघरात लेकरं आहेत. आता प्रत्येक हल्ल्यात तो शब्द बोलतो आणि घरी येऊन साखर खातो.

गेल्या आठवड्यात आळीच्या तोंडाशी नवी, मोठ्या दाबाची जलवाहिनी आली. उद्घाटनाला मांडव घातला. खानविलकर साहेब आले, फेटा बांधला, हार घातला. आयत्या पिठावर रेघोट्या कशा ओढाव्यात ते यांच्याकडून शिकावं! भाषणात म्हणाले, या आळीच्या भगिनींचं शौर्य मोठं आहे. फक्त वेळीच योग्य शब्द वापरले असते तर एक दुःखद घटना टळली असती. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. शलाका माझ्या शेजारी बसली होती, तिने माझा हात पकडला तो दुखेपर्यंत.

मग सूत्रसंचालकाने खणखणीत आवाजात पुकारलं, "आता मी माननीय साहेबांना विनंती करतो की त्यांनी आपल्या शुभहस्ते श्रीफळ वाढवून जलवाहिनीचं उद्घाटन करावं!"

मी उठले. कधी उठले तेही कळलं नाही. साहेबांनी नारळ दगडावर उगारला होता. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पुढचा माइक जवळ ओढला.

"साहेब, हा आता मोठा होणार आहे का?"

"म्हणजे?"

"श्रीफळ वाढवणार म्हणाले ना. दगडावर आपटल्यावर हा वाढेल का? किती वाढेल?"

साहेब कसंनुसं हसले. "अहो ताई, बोलायची पद्धत आहे ती."

"मग नियमाप्रमाणे बोला. मान्यताप्राप्त शब्द वापरा. या माइकवर म्हणा, मी नारळ फोडतो. एवढं म्हणा, लगेच देते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, समोर बसलेल्या बायकांकडे बघितलं, पाण्याच्या चावीला घातलेल्या झेंडूच्या माळेकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. मग ते माझ्याकडे वाकून, समजुतीच्या सुरात म्हणाले,

"अहो, शुभकार्याच्या वेळी असं अभद्र कसं बोलायचं?"

माइक चालू होता. सगळ्या आळीने ऐकलं.

शलाका जागेवरून उभी राहिली आणि म्हणाली, "आमची आई हेच म्हणायची साहेब."

साहेबांनी मान खाली घातली. मी नारळ त्यांना परत दिला नाही. तो तसाच अख्खा घेऊन मांडवातून निघाले, घरी आले, आणि अक्कांच्या फोटोपुढे ठेवला.